डबा शेवटी

गाडीचा स्टार्टर फिरत असताना मीटरवर एक पूर्णांक आठ दशांश व्होल्ट आले आणि वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. आकडा म्हणून बघितलं तर फार नाही. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलमध्ये जवळजवळ एवढा दम असतो. पण मीटरची एक काडी बॅटरीच्या वजा टोकावर होती, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि या दोन जागांमध्ये, गाडी सुरू करताना, जवळजवळ काहीच दिसता कामा नये, हे त्यानं तेवीस वर्षं येईल त्याला बजावलं होतं. दिसलं, तर त्याचा एकच मतलब. इंजिन आणि बॅटरी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी कुठंतरी आतून सडली आहे, आणि भार पडला की हात टेकते आहे. "परत मारू का?" स्टिअरिंगमागून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. राखाडी रंगाची, चौदा वर्षांची ती गाडी त्यांचीच. "नको नको, बस झालं," तो म्हणाला आणि मीटर छातीशी असा धरला की काच त्यांना दिसू नये. हे आपण का केलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बाईंना त्या आकड्यातलं ओ की ठो कळलं नसतं. "परत तेच हो," त्या उतरता उतरता म्हणाल्या. "सिग्नलला थांबले की मान टाकते. दीड वर्षापूर्वी तुम्ही हिचा मेंदूच बदललात ना? मला वाटलं, जन्माची कटकट मिटली." मग किल्ली त्याच्या हातावर ठेवत हसून, "आम्ही निदान दात उपटण्याआधी फोटो तरी काढतो." तोही हसला. पाचला येते म्हणून बाई निघून गेल्या आणि तो हसणं चेहऱ्यावर तसंच ठेवून उघड्या बॉनेटपुढे उभा राहिला.

मेंदू हा शब्द गिऱ्हाइकांचा. वर्कशॉपात त्याला डबाच म्हणायचे. दोन पंजे शेजारी ठेवले तर झाकला जाईल एवढा ॲल्युमिनियमचा डबा. इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं तो ठरवतो. गाडी रुसली की आळशी माणूस पहिला संशय डब्यावर घेतो, कारण डबा बिचारा बोलत नाही, आत डोकावून काही दिसत नाही, आणि एवढी मोठी वस्तू गेली म्हटल्यावर गिऱ्हाईकही गंभीर चेहरा करून मान डोलावतं. वायरमनचं नाव झालं ते नेमकं उलट वागून. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग डब्यापर्यंत वीज पोचते का, मग अर्थिंग, मग सेन्सर, मग जोडणीतली एकेक पीन भिंगाखाली. आणि एवढं करून सगळं निर्दोष निघालं तरच डबा. डबा शेवटी. हे दोन शब्द त्याच्या तोंडून लोकांनी इतक्यांदा ऐकले होते की त्याच्या माघारी त्याला 'शेवटी' म्हणत. "काय, शेवटी आले का जेवून?" हे त्यानं स्वतः दाराआडून ऐकलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं. दुसऱ्या वर्कशॉपांनी हात टेकलेल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. एखाद्याच्या डब्याला मृत्युदंड ठरलेला असायचा आणि हा माणूस एक गंजलेली पीन घासून त्याला सोडवून आणायचा. आयुष्यात त्याला दुसरं काही फारसं जमलं नव्हतं. मूलबाळ झालं नाही, बोलून कुणाला आपलंसं करता आलं नाही. पण त्याच्या हातून चांगला डबा कधी फेकला गेला नाही, हे तो रात्री उशीला डोकं टेकताना स्वतःला सांगू शकत होता.

आणि आता हे एक पूर्णांक आठ. त्यानं मीटर बंद केला, चालू केला, जणू लाज वाटून मीटर आपला शब्द फिरवेल. दीड वर्षापूर्वी हीच गाडी, हीच जागा, दुपारची वेळ, आणि त्याची पाठ धरलेली. त्या दिवशीही त्यानं अर्थिंग तपासलं होतं. तपासलं नव्हतं असं नाही. फक्त गाडी बंद असताना, काही चालू नसताना तपासलं होतं, आणि अशा वेळी सडलेली पट्टीही पाहुणे आलेल्या घरातल्या सुनेसारखी शहाण्यासारखी वागते. काटा जिथल्या तिथे. "अर्थिंग ठीक," तो म्हणाला होता. दिवा धरून मेहुणा शेजारी उभा होता. बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा छत्तीसचा, अकरा वर्षं याच्याच हाताखाली काढलेली. समोर बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं बसलेली. आणि मेहुणा हळूच, पण त्या तिघांना ऐकू जाईल एवढ्या हळूच, म्हणाला, "दाजी, भार टाकून बघा ना एकदा." बस, एवढंच. पण त्या 'ना एकदा' नं वायरमनच्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं, कारण ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं. त्यानंच ते मेहुण्याला शिकवलं होतं, पहिल्या वर्षी, ओरडून. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी, लोकांसमोर. "तू शिकवणार आता मला?" तो म्हणाला. मेहुणा गडबडला. "तसं नाही हो. मला संध्याकाळपर्यंत द्या गाडी. मी दाखवतो." त्या 'मी दाखवतो' नं उरलंसुरलं काम केलं. वायरमन सरळ झाला, हात पुसले आणि बाकड्याकडे बघून म्हणाला, "डबा गेलाय."

खरं सांगायचं तर ते त्या दिवशी सुरूच झालं नव्हतं. त्याआधी दोनेक वर्षं गिऱ्हाइकं शेडच्या दारात उभी राहून विचारू लागली होती, "धाकटे आहेत का?" मी आहे ना, तो म्हणायचा. "हो, तुम्ही आहातच. ते आहेत का?" मेहुण्याचा हात हलका होता. वायरचा जुडगा बोटांतून असा सोडायचा की तुटलेली तार आपण होऊन वर यायची. तो कधी कुणाला आपलं श्रेय सांगत नसे. विचारलं तर "दाजींनी सांगितलं तसं केलं" म्हणायचा, आणि हे खोटं वायरमनला शिवीसारखं लागायचं. वाईट वागला असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. चांगल्या माणसाचा राग काढायला जागाच मिळत नाही, तो साचत जातो. नवा डबा बसवला आणि गाडी एका दमात सुरू झाली तेव्हा साचलेलं सगळं बाहेर आलं. त्यानं दहा वेळा गाडी बंद केली, दहा वेळा सुरू केली, आणि प्रत्येक वेळी काचेतून मेहुण्याला विचारलं, "ऐकतोस ना?" मग इंजिन चालू ठेवून खाली उतरला आणि म्हणाला, "म्हण, डबा होता." मेहुणा हातातल्या फडक्याची घडी करू लागला. "अरे म्हण की, लाजतोस काय." तिघांपैकी एक जण हसला. मेहुणा म्हणाला, "डबा होता." "जरा मोठ्यानं." "डबा होता, दाजी."

त्यानंतरचं काम तर रागाशिवायच झालं. चहाच्या टपरीवर, पार्टच्या दुकानात, कुणी विचारलं की वायरमन एक सुस्कारा सोडायचा. "पोरगा गुणी आहे हो. पण अंदाजपंचे बोलतो." या धंद्यात ज्याचं निदान अंदाजपंचे तो मेल्यात जमा. महिन्याभरात मेहुण्याला समजलं की आपण बॉनेट उघडलं की गिऱ्हाईक आपल्या खांद्यावरून दाजींना शोधतं. एका सोमवारी तो आलाच नाही. पुढे कळलं, सीटकव्हर आणि हॉर्न बसवून देणाऱ्या दुकानात लागलाय. मीटरची नाजूक काडी धरणाऱ्या हातात सीटकव्हर शिवायचा दाभण आला. वायरमनच्या बायकोनं तेव्हा एकच विचारलं होतं, "नक्की डबाच होता ना?" "नाहीतर गाडी चालली असती का?" तो म्हणाला होता. आणि आज सकाळी तो बुटाचे बंद बांधत असताना ती समोर येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत राहिली, पुसून झाले तरी पुसत राहिली. म्हणाली, "तीन वाजता त्या मोटार प्रशिक्षण शाळेतून तुम्हाला फोन येणार आहे. धाकट्यानं शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज केलाय, तुमचं नाव दिलंय. दोन बरे शब्द बोला. जास्त नको, दोनच. तुमचं काय जातं?" "बघू," तो म्हणाला. तेव्हा खरोखर त्याच्या मनात दोन बरे शब्द बोलायचे होते. जिंकलेल्या माणसाला औदार्य परवडतं.

त्यानं बॅटरी उतरवली, तिच्याखालचा ट्रे सोडवला. ट्रेचा आणि अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट एकच होता. बोल्ट निघाला तसा पट्टीचं टोक हातात आलं, आणि टोकाला हिरवी पूड, बोटांनी चोळली तर तारा मोडाव्यात इतकी आतपर्यंत सडलेली. वरून काळं वेष्टण मात्र नव्यासारखं. मेहुण्यानं त्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली होती ती याच्यासाठी. त्याला अर्धा तास पुरला असता. मग वायरमनला सगळं एकदम दिसलं, नको असताना दिसलं. डबा ट्रेला लागून बसवलेला. ट्रे उचलल्याशिवाय तो निघत नाही. म्हणजे जुना डबा काढताना हा बोल्ट त्यानंच सोडला, नवा घालताना त्यानंच आवळला, आणि आवळताना पट्टीच्या उरल्यासुरल्या चांगल्या तारा लोखंडात नव्यानं रुतल्या. गाडी बरी झाली ती त्या आवळण्यानं. नवा डबा आत नुसता पाहुणा होऊन बसला होता. दीड वर्ष त्या तारा पुरल्या, आता संपल्या. पहिला विचार मनात आला तो लाजेचा नव्हता, मेहुण्याचा तर मुळीच नव्हता. त्यानं मागं वळून बघितलं. बाकडं रिकामं होतं.

लोखंड घासून पांढरं केलं, नवी पट्टी लावली, बोल्ट आवळला. मीटर शून्यापाशी शहाण्यासारखा बसला. इथं थांबता आलं असतं. पण खात्री ही त्याची सवय नव्हती, व्यसन होतं. मागच्या फळीवर जुना डबा अजून होता. टाकून द्यायचा म्हणून ठेवलेला आणि टाकायचा राहिलेला. गाडी जुनी, किल्लीत डब्याला ओळखणारी चिप वगैरे हुशारी नव्हती, डबा बदलला तर कुणाची परवानगी लागत नव्हती. नवा काढून जुना बसवताना तो मनातल्या मनात घोकत होता, नको सुरू होऊस, नको. किल्ली फिरवली. अर्ध्या फेरीत इंजिन लागलं. त्यानं दिवे लावले, पंखा लावला, एसी लावला, मागची काच गरम करायची तारही चालू केली, होता नव्हता तो सगळा भार टाकला. इंजिन हललं नाही. मिनिटाला आठशे फेऱ्या, सुतासारखी सरळ रेघ. दीड तास तो त्या गाडीत बसून राहिला, ती बंद पडण्याची वाट बघत, घरात कुणाच्या तरी अंथरुणाशी बसतात तसा, फक्त उलट्या इच्छेनं.

त्या दीड तासात एकदा, अगदी मिनिटभर, त्याला बरं वाटलं. त्यानं मेहुण्याला फोन केल्याची कल्पना केली. ये, बघ, तुझं खरं होतं. मेहुणा सायकल टाकून धावत येईल, ट्रेखाली वाकून बघेल, आणि त्याचा चेहरा... इथपर्यंत चित्र छान होतं, वायरमनला स्वतःच्या मोठेपणाचा गहिवरही आला. पण चित्र पुढे सरकलं. मेहुणा काही चढणार नव्हता, टोमणा मारणार नव्हता. तो म्हणणार होता, "असू द्या, दाजी. होतं असं." तो माफ करून टाकणार होता, आणि तेही मनापासून. मग बायको त्याच्यापुढे ताट ठेवताना काही बोलणार नव्हती. टपरीवर कुणीतरी हसून म्हणणार होतं, "काय शेवटी, या वेळी डबा आधी?" माफी मागणं एक वेळ जमलं असतं. माफ केलं जाणं, आणि ते त्या माणसाकडून, आणि मग उरलेली वर्षं त्याच्या चांगुलपणाच्या सावलीत उभं राहून काम करणं, या नुसत्या विचारानंच त्याचा जीव घुसमटला. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. जुना डबा काढला, नवा परत बसवला, ट्रे आवळला, बॉनेट लावून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जुना डबा तेवढा कामाच्या बाकावर राहिला, आणि तो उचलून मागं ठेवणार एवढ्यात दारात सावली पडली.

"दाजी," मेहुणा म्हणाला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाळला होता, आणि डाव्या हाताच्या बोटांना दाभणाचे बारीक बारीक काळे डाग होते. त्यानं दारातच चपला काढल्या. वर्कशॉपात कुणी चपला काढत नाही, पण काढल्या. त्याची नजर गाडीवर गेली. "हीच ना ती?" "सर्व्हिसिंगला आलीय," वायरमन म्हणाला. "चालतेय ना चांगली?" "झकास." मेहुण्यानं मान डोलावली. खाली बघत, पाठ करून आल्यासारखा तो बोलू लागला. "दाजी, मला एक सांगायचं होतं तुम्हाला. दीड वर्ष मी रोज ती गाडी मनातल्या मनात उघडली. रोज मला वाटायचं, अर्थिंगच होतं. मग म्हटलं, अर्थिंग असतं तर डबा बदलून गाडी चालली कशी? एक दिवस चालेल, दोन दिवस चालेल. बाई मध्ये एकदा दुकानात भेटल्या, म्हणाल्या, वर्ष झालं, मख्खन चालतेय. तेव्हा पटलं. पुराव्यापुढे काय बोलणार? तुमचं खरं होतं. मी उगाच हट्ट केला, चारचौघांत तुम्हाला बोललो. मला माफ करा." आणि तो वाकला. वायरमनच्या पायांना त्याची बोटं लागली.

आता बोल, वायरमन स्वतःला म्हणाला. तोंड उघडलंही. जीभ टाळूला लागली, श्वास आत गेला, सगळी तयारी झाली. "ऊठ ऊठ," तो म्हणाला. "चुका होतात. आता शिकलास ना?" "शिकलो," मेहुणा म्हणाला आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की वायरमनला तो बघवेना. "मुलाखतीतही हेच सांगितलं मी त्यांना. म्हटलं, पोरांना पहिला धडा माझ्या चुकीचा देईन. आपलं म्हणणं कितीही आवडलं तरी पुरावा सांगेल ते ऐकायचं." मग बाकाकडे बघून थोडा घुटमळला. "दाजी, हा तोच ना जुना? टाकणार असाल तर मला द्याल? वर्गात ठेवीन. उघडून, मीटर लावून दाखवीन पोरांना, आतून मेलेला डबा कसा असतो ते." वायरमन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मीटर लावून. हा माणूस भार टाकून बघितल्याशिवाय राहणार नव्हता. आज नाही तर उद्या, तीस पोरांच्या देखत, तो डबा बोलला असता. "देतो की," तो म्हणाला. "जरा पुसून देतो. बस तू."

मागच्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या होत्या. डबा हातात घेण्याआधी त्यानं नळाच्या पाइपाला बोटं टेकवली. अंगावरची वीज डब्यात जाऊ नये म्हणून हे करायचं असतं. तेवीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, आजही चुकलं नाही. मग त्यानं दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. चोवीस व्होल्ट. सेन्सरला पाच व्होल्ट पुरवणारी पीन कुठली हे तो झोपेतही सांगू शकला असता. तार टेकवली. टक् असा, नख मोडल्याएवढाच आवाज झाला. तो थांबला नाही, कारण अर्धमेला डबा धडधाकट डब्यापेक्षा जास्त घात करतो; त्यानं शेजारची पीन घेतली, मग तिच्या शेजारची, नीट, ओळीनं, जशी तो तपासायचा तशी. फटीतून धुराचा एक दोरा निघाला. त्याला स्वतःच्या हातांची किळस वाटली, आणि त्याच वेळी खूप दिवसांनी पाठीतली कळ गेल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं. त्यानं डबा फडक्यात गुंडाळला आणि बाहेर आणला.

मेहुण्यानं दोन्ही हात पुढे करून घेतला. घेतला आणि त्याची बोटं जागच्या जागी थबकली. ॲल्युमिनियम हाताला ऊन ऊन लागत होतं. "गरम आहे," तो म्हणाला. "खिडकीत होता," वायरमन म्हणाला. मेहुण्यानं फडकं उलगडलं. दीड वर्षापूर्वी जळलेल्या वस्तूला वास राहत नाही, हे या धंद्यात आठवड्याभरात कळतं, आणि यानं इथं अकरा वर्षं काढली होती. त्यानं डबा नाकाशी नेलाही नाही. नेण्याची गरज नव्हती, वास दोघांच्या मध्ये उभाच होता. तो डब्याकडे बघत राहिला. मग हळूहळू बंद बॉनेटकडे बघितलं. मग वायरमनच्या हाताकडे, जिथं उजव्या अंगठ्याला पट्टीची हिरवी पूड अजून होती. चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली, बॅटरी, फ्यूज, वीज, अर्थिंग, अगदी शिकवलेल्या क्रमानं. वायरमन ते वाचत होता, आणि असं वाचता येतंय याची त्याला भयंकर चीड आली. तेवढ्यात फोन वाजला.

पलीकडचा आवाज दणदणीत होता, शेडभर ऐकू जाईल असा. प्रशिक्षण शाळेचे मुख्याध्यापक. "तुम्ही त्यांचे गुरू, असं त्यांनीच लिहिलंय," ते म्हणाले. "खरं सांगू का, आम्ही त्यांना घ्यायचं ठरवल्यातच जमा आहे. आपली चूक आपण होऊन सांगणारा माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला. तुमचा एक शब्द मिळाला की झालं." मेहुणा डबा पोटाशी धरून उभा होता. तो काही मागत नव्हता. मान हलवत नव्हता, डोळ्यांनीही काही म्हणत नव्हता; नुसता बघत होता, मीटरकडे बघतात तसा, काय आकडा येतो ते. एक शब्द. हो. एवढाच. त्या एका शब्दानं हा माणूस उद्या तीस पोरांपुढे उभा राहणार होता, आणि पुढच्या वर्षी दुसरी तीस, आणि आता त्याला खरा धडा ठाऊक झाला होता. "एकच चूक सांगितली का त्यानं?" वायरमन म्हणाला. पलीकडून आलं, "म्हणजे?" "नाही, काही नाही. घरचा माणूस आहे, मी काय बोलणार. तुम्ही समजून घ्या." "समजलो," दणदणीत आवाज खाली आला. "बरं झालं मोकळेपणानं बोललात. मुलांच्या भवितव्याचा प्रश्न असतो हो." फोन ठेवला तेव्हा वायरमनचा हात अजिबात कापत नव्हता, आणि त्याला वाटलं, कापायला हवा होता.

मेहुणा ओरडेल, डबा फेकून मारेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. रडला असता तर त्याला जवळ घेताही आलं असतं. मेहुण्यानं डबा बाकावर ठेवला, हळू, चांगला डबा ठेवावा तसा. "दाजी, कुठं होता फॉल्ट?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. नोकरीचं तो काही बोललाच नाही. "डबा होता," वायरमन म्हणाला. "ट्रेखालची पट्टी होती ना? वरून चांगली आणि आतून गेलेली?" "डबा होता. तूच म्हणालास." "मला फक्त बघू द्या," मेहुणा म्हणाला. "दुसरं काही नको. कुणाला सांगणार नाही, ताईलासुद्धा नाही. ती जागा एकदा बघू द्या. दीड वर्ष मला वाटतंय माझं डोकंच..." वाक्य तिथंच सोडून तो गाडीजवळ गेला आणि बॉनेटच्या कडेखाली बोटं घातली, खटका कुठं आहे ते त्याला न बघता ठाऊक होतं. "गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावायचा नाही," वायरमन म्हणाला. अकरा वर्षांत मेहुण्यानं त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. बोटं खटक्यावर थांबली. मग त्यानं ती काढून घेतली, इस्त्रीच्या शर्टाला पुसली, दारात जाऊन चपला घातल्या, एक उलटी पडली होती ती पायानं सरळ करून घातली, आणि तो गेला.

पाचला बाई आल्या. वायरमननं गाडी धुवून ठेवली होती, काचासुद्धा. एका दमात सुरू झाली, दिवे, पंखा, एसी, सगळं लावून दाखवलं. "वा," बाई म्हणाल्या. "काय निघालं शेवटी?" अर्थिंग म्हणून गप्प बसता आलं असतं. बाईंनी पुढे काही विचारलं नसतं. त्या आरशात बघून ओढणी नीट करत होत्या. पण मघापासून त्याच्या आत काहीतरी बोलायला शिवशिवत होतं, आणि खरं बोलायची वेळ तर टळून गेली होती. "अर्थिंगची पट्टी," तो म्हणाला. "मागच्या वेळी डबा बदलला तेव्हा माझ्या मेहुण्यानं आवळली होती. नीट आवळली नाही त्यानं. मी त्याच्यावर विसंबलो, ही माझी चूक." बाई चुकचुकल्या. "तरी बरं, काढलंत त्याला. माणूस चांगला वाटायचा हो. दुकानात भेटला होता, किती आपुलकीनं विचारत होता गाडीचं." "चांगलाच आहे," वायरमन म्हणाला. "पोटच्या पोरासारखा वाढवला मी त्याला. काढताना जिवावर आलं होतं." आणि हे म्हणताना त्याचा गळा खरोखरच दाटून आला, इतका की बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या हातावर थोपटलं.